ब्लॉकचेनमुळे पर्जन्यमापकाचा आकडा खरा होत नाही

मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचे सार असे: शेतातील सेन्सरचा डेटा ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या नोंदींच्या साखळीवर, गेला की तो कोणालाही बदलता येत नाही, म्हणून तो खोटा असूच शकत नाही. पंचनाम्याची गरज संपेल आणि विम्याची रक्कम आपोआप खात्यात जमा होईल. अशा यंत्राच्या पासवर्डची काळजी करायला नको. शिवाय आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना डेटाच्या मोबदल्यात टोकन, म्हणजे एक प्रकारची डिजिटल नाणी, मिळतील. अंबड तालुक्यात मोसंबीची बाग असलेल्या माझ्या मामांनी हा मजकूर मला पाठवून नोंदणीचे पैसे भरू का असे विचारले, तेव्हा हे सविस्तर लिहिणे भाग पडले.

"बदलता येत नाही, म्हणून खोटा नाही" हे यातील सर्वांत चुकीचे विधान आहे आणि बाकीचा सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. ब्लॉकचेनमध्ये नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा गणिती ठसा, म्हणजे त्यातील माहितीवरून काढलेला छोटा संकेतांक, असतो आणि या साखळीच्या प्रती अनेक संगणकांवर असतात. त्यामुळे जुनी नोंद मागाहून बदलली तर ठसे जुळत नाहीत आणि फेरफार उघडा पडतो. परंतु हे संरक्षण आकडा साखळीत पोहोचल्यानंतर सुरू होते. स्वयंचलित पर्जन्यमापकात नरसाळ्यातून आलेले पाणी एका लहान झुकत्या पात्रात साठते, पात्र भरले की कलते, आणि असे कलणे मोजून पावसाचा आकडा तयार होतो. नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, पक्ष्याने घरटे केले किंवा तार तुटली, तर धो धो पावसातही शून्य नोंदले जाईल आणि ब्लॉकचेन ते शून्य जसेच्या तसे जपून ठेवील. सातबाऱ्यावर सोयाबीनच्या जागी कापूस नोंदवला गेला, तर तो उतारा कितीही मजबूत कपाटात ठेवला तरी शेतात कापूस उगवत नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेत कोलोरॅडो व कॅन्सस राज्यांत २०१६-१७ मध्ये पीक विम्याची भरपाई वाढवून घेण्यासाठी पर्जन्यमापकांच्या तारा कापल्या गेल्या, त्यांत सिलिकॉन भरले गेले, काहींवर भांडी झाकून ठेवली गेली. प्रकरण न्यायालयात गेले आणि दोघांना शिक्षा झाली. तेथे साठवलेल्या आकड्यांना हात लावण्याची गरजच पडली नाही, कारण आकडा जन्मतानाच खोटा होता. अमेरिकेच्याच राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्लॉकचेनवर जो अहवाल, क्रमांक ८२०२, प्रसिद्ध केला, त्यात हा मुद्दा स्पष्ट मांडला आहे: सेन्सरकडून आलेली माहिती साखळीत नोंदवता येते, पण ती प्रत्यक्ष जगाशी जुळते की नाही हे ठरवण्याचा मार्ग उपलब्ध असेलच असे नाही, सेन्सर बिघडलेला असू शकतो आणि माणूस खोटी माहिती भरू शकतो. शेतकऱ्याकडून पैसे मागण्यापूर्वी हा अहवाल वाचणे एवढी अपेक्षा तरी विक्रेत्यांकडून ठेवायलाच हवी. आपल्या काळ्या जमिनीची अडचण तर आणखी वेगळी आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, ओलावा मोजणाऱ्या दांडीभोवती पोकळी तयार होते, आणि खाली ओल असूनही यंत्र कोरडेपणा दाखवते. ही चूक कोणीही केलेली नसते, म्हणून ती कोणत्याही कुलपाने थांबत नाही.

विमा आपोआप मिळेल, हे सांगणे घातक आहे. हवामान आधारित फळपीक विम्यात, ज्यात मोसंबीही येते, भरपाई आजही महसूल मंडळाच्या संदर्भ हवामान केंद्राच्या आकड्यांवरून ठरते आणि त्यासाठी ब्लॉकचेन लागलेले नाही. अतिवृष्टीच्या शासकीय मदतीसाठीही मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस हा निकष लावला जातो. शेतकऱ्यांची मुख्य तक्रार आकडा मागाहून बदलल्याची नसते. आपल्या शिवारात बांध फुटले आणि काही किलोमीटरवरच्या केंद्रात मात्र निकषापेक्षा कमी पाऊस नोंदला गेला, ही असते. तिचे उत्तर केंद्रांची संख्या, जागा आणि देखभाल यांत आहे. या मजकुरावर विसंबून कोणी नुकसानीची लेखी सूचना देणे किंवा पंचनाम्याचा आग्रह धरणे सोडले, तर हक्काच्या मदतीवर पाणी सोडावे लागेल.

पासवर्डविषयीचा सल्लाही तितकाच बेजबाबदार आहे. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते आणि त्यांच्याच जोरावर ऑक्टोबरमध्ये अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. शेतातील यंत्र असे परक्याच्या ताब्यात गेले, की त्याच यंत्राच्या डिजिटल स्वाक्षरीने खोटे आकडे अस्सल म्हणून साखळीत जातील.

"कोणालाही बदलता येत नाही" हेही पूर्ण खरे नाही. वरील अहवालच सांगतो की फेरफार कठीण होतो आणि लक्षात येतो, अशक्य होत नाही. इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांसाठीच बनवलेले आयोटा हे ब्लॉकचेनसारखे जाळे फेब्रुवारी २०२० मध्ये डिजिटल नाण्यांच्या चोरीनंतर चालकांनी चक्क थांबवले होते. टोकनांविषयी इतकेच सांगतो, की ज्या टोकनाला उद्या कोण विकत घेणार हे सांगता येत नाही, त्यासाठी बागेचे पैसे गुंतवू नयेत.

एक गोष्ट मान्य करावी लागते. विमा कंपनी, शासन आणि शेतकरी यांचा एकमेकांवर विश्वास नसताना, कोणा एकाच्या ताब्यात नसलेली नोंद उपयोगाची ठरू शकते. परंतु अशा व्यवस्थांमध्ये बहुधा साखळीवर केवळ ठसा जातो आणि मूळ आकडे कंपनीच्या साध्या सर्व्हरवरच राहतात. ते तेथून नष्ट झाले तर ठशाचा काही उपयोग नाही. सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा मंडळाचा पाऊस त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि गावाच्या गटावर जाहीर करण्याची मागणी आपण केली, तर त्या आकड्याच्या प्रती शेकडो लोकांकडे राहतील आणि त्यासाठी कोणालाही नोंदणी शुल्क द्यावे लागणार नाही.

मामांना मी पैसे भरू नका असे कळवले आहे. यंत्र घ्यायचेच असेल तर त्याची तपासणी कोण आणि किती दिवसांनी करणार, बिघडल्यास किती दिवसांत दुरुस्त होणार, पासवर्ड बदलता येतो का, आणि मूळ आकडे शेतकऱ्याला स्वतःकडे उतरवून घेता येतात का, याची उत्तरे विक्रेत्याकडून लेखी घ्यावीत.