‘जवळ असलेलं बरं’ या हिशेबात काय सुटतं

“पिस्तूल जवळ असावं आणि लागू नये हे बरं, लागावं आणि जवळ नसावं हे वाईट.” शस्त्र बाळगण्याच्या बाजूने हे वाक्य सतत पुढे पाठवलं जातं. सोबत ठरलेले मुद्दे असतात: पिस्तूल म्हणजे भिंतीवरचं अग्निशामक, वेळ आली की हात आपोआप चालतो, अमेरिकेत दरवर्षी २५ लाख वेळा बंदुकीमुळे बचाव होतो, आणि जो शस्त्र बाळगत नाही, त्याला धोका कळलेलाच नाही. स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो हिशेबाबद्दल.

आधी अग्निशामक. ते नुसतं टांगलेलं असताना आग लावत नाही. कमरेचं पिस्तूल मात्र रोज हाताळावं लागतं. सकाळी चढवा, शौचालयात सांभाळा, शस्त्रबंदी असलेल्या इमारतीत जाताना काढून ठेवा (बहुतेक वेळा गाडीत, आणि तिथूनच ते चोरीला जातं), रात्री उतरवा. अपघात होतात ते या हाताळणीतच. त्यातला सगळ्यांत नाजूक क्षण म्हणजे पिस्तूल पुन्हा होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, घालण्याचा. ग्लॉकसारख्या पिस्तुलाला अंगठ्याने लावायचा वेगळा सेफ्टी खटका नसतो, आणि ट्रिगर साधारण अडीच किलोच्या जोराने सुटतो. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी ट्रिगर गार्डमध्ये (ट्रिगरभोवतीच्या कड्यात) शिरली आणि वरून पिस्तूल रेटलं, की तेवढा जोर सहज लागतो. गोळी जाते मांडीत किंवा जांघेत, आणि तिथूनच मोठी धमनी जाते. चामड्याचं होल्स्टर जुनं होऊन मऊ पडलं असेल, तर त्याची आत दुमडलेली कडही हेच करते. पिस्तूल घालताना शर्ट दुसऱ्या हाताने पूर्ण वर धरायचा, बोट ट्रिगरपासून लांब सरळ ठेवायचं, नजर होल्स्टरवर ठेवायची, आणि जरा जरी अडलं तरी बाहेर काढून बघायचं. इथे घाई करण्याचं काहीच कारण नसतं, तरी लोक करतात.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. बरेच जण रात्री चेंबर, म्हणजे नळीच्या मागची काडतूस बसण्याची जागा, रिकामं करतात आणि सकाळी तेच काडतूस पुन्हा भरतात. दर वेळी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) पुढे आदळते, तेव्हा गोळीचं टोक आतल्या उतारावर आपटतं आणि गोळी हळूहळू काडतुसाच्या कवचात मागे दाबली जाते. आतली जागा कमी झाली की बार होताना दाब वाढतो, कधी पिस्तूल फुटण्याइतका. असं काडतूस त्याच डब्यातल्या नव्याशेजारी उभं करून बघावं. आखूड दिसलं तर ते बाद.

‘वेळ आली की हात चालतो’ या मुद्द्याला घड्याळच उत्तर देतं. १९८३ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस सार्जंट डेनिस ट्यूलर यांनी मांडलं की चाकू घेऊन धावणारा माणूस २१ फूट, म्हणजे जवळजवळ साडेसहा मीटर, सुमारे दीड सेकंदात कापतो. उघड्या होल्स्टरमधून पिस्तूल काढून नेम धरून गोळी झाडायला सराव असलेल्या पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. शर्टाखालून काढायचं तर जास्त, आणि समोरच्याचा इरादा ओळखण्यात गेलेला वेळ यात धरलेलाच नाही.

नेमाचंही तसंच. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने २००८ साली न्यूयॉर्क पोलिसांच्या नोंदी तपासल्या. १९९८ ते २००६ या काळात समोरूनही गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभरातल्या १८ गोळ्या लागल्या. नियमित सराव करणाऱ्यांचा हा आकडा आहे. चुकलेली गोळीही कुठेतरी जातेच. नऊ मिलिमीटरची गोळी सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेगाने निघते आणि घरातली जिप्समची पातळ भिंत तिला थांबवत नाही. त्यात एका कवचाने चेंबर अडवलं असताना मागून दुसरं काडतूस घुसलं, तर नुसती स्लाइड ओढून भागत नाही. स्लाइड मागे अडकवा, मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) उपसून काढा, दोनतीनदा स्लाइड ओढा, मॅगझिन घाला, पुन्हा ओढा. थरथरत्या हातांनी याला किती सेकंद लागतील, ते डमी काडतुसांवर प्रत्येकाने मोजून पाहावं.

२५ लाखांचा आकडा आला कुठून? गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ या गुन्हेशास्त्रज्ञांच्या १९९५ च्या लेखातून. सुमारे पाच हजार जणांना फोनवर विचारलं, त्यांतल्या साधारण सव्वा टक्क्यांनी ‘गेल्या वर्षभरात बचावासाठी बंदूक वापरली’ असं उत्तर दिलं, आणि ते प्रमाण देशातल्या सगळ्या प्रौढांना लावलं. इतक्या दुर्मीळ गोष्टीत शंभरात एकाने जरी प्रसंग वाढवून सांगितला किंवा दोन वर्षांपूर्वीचा या वर्षात घातला, तरी उत्तर कित्येक पटींनी फुगतं. सरकारी गुन्हेपीडित सर्वेक्षणातून येणारे आकडे लाखाच्या आसपास किंवा त्याखाली असतात. त्याच सर्वेक्षणाच्या २००७ ते २०११ च्या नोंदींत, पीडित व्यक्ती समोर हजर होती अशा चौदा हजारांहून अधिक घटनांपैकी १२७ मध्ये तिने बंदूक वापरली. वापरल्यानंतर जखमी झालेले ४.१ टक्के, पळणं, ओरडणं, झटापट धरून कोणताही बचाव केलेल्यांत ४.२ टक्के. बंदुकीने कुणी वाचलंच नाही असं यातून निघत नाही. ओरडून पळणाऱ्यापेक्षा इजा टाळण्यात ती सरस ठरली, असंही निघत नाही.

राहिला ‘धोका कळलेला नाही’ हा आरोप. धोका कुठून येतो ते पाहा. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या. कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून अधिक लोकांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पिस्तूल असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या जवळजवळ आठपट निघालं, स्त्रियांत पस्तीसपट. अनोळखी हल्लेखोर कल्पनेत ठळक दिसतो. आपलीच एखादी वाईट रात्र कुणी गृहीत धरत नाही. आत्महत्येची तीव्र ऊर्मी बऱ्याचदा थोड्याच वेळात ओसरते आणि इतर बहुतेक मार्गांत वाचण्याची संधी उरते. बंदुकीत ती जवळजवळ नसते. इस्रायली लष्कराने २००६ पासून आठवड्याच्या सुट्टीत घरी जाणाऱ्या सैनिकांना शस्त्र तळावर ठेवायला लावलं आणि तरुण सैनिकांतल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. माणसं तीच, प्रशिक्षणही तेच. हाताशी शस्त्र नव्हतं, इतकाच फरक.

हे सगळं धरूनही काहींसाठी हिशेब बाळगण्याच्या बाजूने जाईल: ज्याला नाव घेऊन धमक्या येतात, ज्याच्या मागावर कुणी ठराविक माणूस आहे. त्यांनी ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर घ्यावं आणि रात्री पिस्तूल त्यातून न काढता होल्स्टरसकट उतरवून कुलपाच्या पेटीत ठेवावं. मुलांना पेटीची जागा माहीत असतेच असं धरून चालावं, म्हणजे किल्ली ड्रॉवरमध्ये राहणार नाही. आणि घरात कुणी खचलेलं असेल, नोकरी गेली असेल, घटस्फोट चालू असेल, दारू वाढली असेल, तर तेवढे दिवस शस्त्र कायद्यात बसेल तिथे घराबाहेर ठेवावं. हे कुणी, कुणाला, कोणत्या शब्दांत सांगायचं, ते घर ठीक असतानाच ठरवून ठेवावं.