खुलासा: ग्रीन टी आणि काळा चहा एकाच झाडाचे

‘ग्रीन टीचं झाड वेगळं, त्यात कॅफिन नसतं आणि तो कडूच लागतो’ असा एक मजकूर सध्या फिरतो आहे. तिन्ही विधानं चुकीची आहेत.

झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. गंमत म्हणजे खुद्द वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनेही १७६२ मध्ये हिरव्या आणि काळ्या चहाच्या दोन वेगळ्या जाती नोंदवल्या होत्या, त्यामुळे हा गैरसमज चांगलाच जुना आहे. फरक पडतो तो पानं खुडल्यानंतर. काळ्या चहासाठी ती सुकवून, चुरगाळून हवेत ठेवतात. पानातली विकरं आणि प्राणवायू यांच्यामुळे ती तांबूस-काळी होतात. (याला सर्रास ‘आंबवणं’ म्हणतात, पण इथे जंतूंचं काम नसतं.) ग्रीन टीत हीच क्रिया उष्णता देऊन थांबवतात. जपानात बहुतेक वाफेने, चीनमध्ये बरेचदा कढईत परतून. म्हणून सेन्चा या जपानी ग्रीन टीला समुद्री, पालेदार चव येते, तर लाँगजिंग या चिनी ग्रीन टीला भाजलेल्या चेस्टनटसारखी.

कॅफिन दोन्हींत असतं. सावलीत वाढवलेल्या ग्योकुरो या जपानी ग्रीन टीत तर भरपूर.

राहिला कडवटपणा. त्यात बहुतेक वेळा दोष आपल्या किटलीचा. उकळतं पाणी ओतलं की कॅटेचिन (चहातली कडू-तुरट द्रव्यं) आणि कॅफिन भराभर उतरतात. ७० ते ८० अंशांचं पाणी आणि दोनेक मिनिटं, एवढं पुरे. आसामच्या काळ्या चहाला मात्र उकळतंच पाणी हवं. दार्जिलिंगचा पहिला बहर (वसंतातल्या पहिल्या खुडणीचा चहा) काळ्या चहात मोडत असला तरी जरा निवलेल्या पाण्यातच खुलतो, असं माझं मत.