आसा राजाचे पाय आणि मोठ्या मायच्या गोळ्या

तूर निघून गेलेल्या वावरात चालताना मोठ्या मायच्या डाव्या अंगठ्यात धसकट घुसलं. त्याला बारा दिवस झाल्यावर मी गावी पोचलो. ती ओसरीत पाय लांब करून बसली होती, अंगठ्याला जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलेलं. फडकं सोडलं आणि वास आला. तिला मात्र फारसं दुखतच नव्हतं, आणि साखरेच्या माणसाचं न दुखणं हेच वाईट असतं. उपकेंद्रातल्या सिस्टरला बोलावलं. तिनं बोट टोचलं, मशीनवर आकडा आला ३८६.

“गोळी घेतली नाहीस?”

“बंद केली ना, बाबू. देवाले नाई चालत म्हणते. थो मेसेज तुले नाई आला काय?”

आला होता. तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा मी न वाचताच बोटानं वर सरकवला होता. गोळ्यांची दोन पाकिटं फळीवरच्या तिखटाच्या डब्यामागं सापडली, एकही गोळी फुटलेली नाही.

तेव्हा आता वाचलाय तो मेसेज, शेवटच्या ओळीपर्यंत. मथळा असा: “तारण हवे? मग या ७ आज्ञा पाळा, नाहीतर जीवनाच्या पुस्तकातून नाव खोडले जाईल.” थोडक्यात सात मुद्दे: शनिवारी काम करायचं नाही. औषध घेणं म्हणजे अविश्वास. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, चुकवला तर शाप. डुकराचं मांस वर्ज्य. बांगड्या-डोरलं काढून टाका. ख्रिस्ती नसलेल्या सोयऱ्यांच्या घरी जेवू नका. आणि सातवा, ज्याच्यावर बाकीचे सहा टेकलेत: “येशू स्वतः म्हणाला, जीवनात जायचे असेल तर आज्ञा पाळ.” सगळ्यात खाली क्यूआर कोड.

क्रमानं जाणार नाही. अंगठा दुसऱ्या मुद्द्यानं सडत होता, म्हणून आधी तोच.

पुरावा म्हणून बायबलातल्या दोन ओव्या, म्हणजे वचनं, दिल्यात. पहिली निर्गम १५:२६: आज्ञा पाळल्यास मिसऱ्यांवर, म्हणजे इजिप्तच्या लोकांवर, पाठवले ते रोग तुझ्यावर पाठवणार नाही, मी तुला बरं करणारा परमेश्वर आहे. ओवी खरी आहे. पण एकच ओळ वर सरकायला काय झालं होतं? मिसरातून सुटलेले इस्राएल लोक तीन दिवस शूरच्या रानात पाण्यावाचून चालून माऱ्याला पोचले, तिथलं पाणी कडू. मोशेनं धावा केला, आणि देवानं त्याला एक झाड दाखवलं. ते पाण्यात टाक म्हणाला, पाणी गोड झालं. ‘बरं करणारा’ हे नाव देवानं ज्या जागी सांगितलं, त्याच जागी त्यानं हाती एक वस्तू दिली आणि ती वापरायला लावली.

दुसरी ओवी दुसरे इतिहास १६:१२. आसा राजाच्या पायांना भारी रोग झाला, तरी त्यानं परमेश्वराला न शोधता वैद्यांना शोधलं. मोठ्या मायला हीच लागली, कारण पाय. “त्याचे बी पायच होते रे,” ती दोनदा म्हणाली. आता तो अध्याय पहिल्या ओवीपासून वाचा, अर्ध्या पानाचाही नाही. या आसानं देवाच्या मंदिरातलं सोनं-रुपं काढून अरामच्या राजाला दिलं आणि त्याच्या भरवशावर लढाई काढली. हनानी द्रष्टा तोंडावर बोलला, तर त्याला तुरुंगात घातलं. लोकांवर जुलूम केला. असा माणूस पाय धरल्यावरही देवाकडे वळला नाही, एवढं ती ओवी सांगते. त्यानं वैद्य बोलावला हा गुन्हा नव्हे. त्यानं फक्त वैद्यच बोलावला, ही गोष्ट आहे. आणि मोठी माय? ती गेली चाळीस वर्षं कोंबडा आरवायच्या आधी उठून गुडघ्यावर बसते. तिला आसाच्या पंगतीत बसवणाऱ्याला काय म्हणावं?

आसाखेरीज हिज्कीया राजाही आहे, पण तो या मेसेजात येणार नाही. दुसरे राजे, अध्याय २०. मरायला टेकलेला हिज्कीया रडून प्रार्थना करतो, देव त्याला आणखी १५ वर्षं देतो. वचन मिळालं, विषय संपला ना? नाही. यशया संदेष्टा म्हणतो, अंजिरांचा लेप आणा. लेप गळवावर लावला आणि तो बरा झाला. नव्या करारात पौल आपल्या सोबत्याला ‘प्रिय वैद्य लूक’ म्हणतो, आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं पत्रातून कळवतो. याकोब ५:१४ मध्ये वडिलांना बोलवा, तेल लावा, प्रार्थना करा असं आहे, ते कुणी नाकारत नाही. गोळ्या डब्यामागं लपवा असं मात्र तिथं नाही.

आणि हे विदर्भात सांगता? परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचं मिशन हॉस्पिटल आहे. आमच्या जिल्ह्यात उमरीला मिशनचा दवाखाना आहे. आमच्या आधीच्या दोन पिढ्यांच्या तोंडी दवाखाना म्हणजे ‘उमरी’च होतं. आपल्या आज्यापणज्यांना सुवार्ता सांगणाऱ्यांच्या एका हातात बायबल होतं, दुसऱ्या हातात मलमपट्टी. औषध अविश्वास असतं तर ती माणसं बोटीनं सात समुद्र ओलांडून इथं जखमा धुवायला कशाला आली?

माझं कृषी केंद्र आहे. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तेव्हापासून गिऱ्हाइकाला डब्यावरची पूर्ण चिठ्ठी वाचून दाखवल्याशिवाय मी डबा हातात देत नाही. “किती मिली” एवढंच विचारून निघणाऱ्याला परत बोलावतो. या मेसेजवाल्यानं बायबलचं तेच केलंय. मात्रा वाचली, इशारा फाडून टाकला.

सातवा मुद्दा घेतो, कारण खरा पाया तो आहे. मत्तय १९:१७. होय, येशू तसं म्हणाला. एक श्रीमंत तरुण विचारायला आला, येशूनं आज्ञा सांगितल्या, तो म्हणाला, या सगळ्या पाळल्यात. मग येशूनं त्याला सगळं विकून गोरगरिबांना द्यायला सांगितलं आणि गडी खिन्न होऊन निघून गेला. शिष्य चक्रावले: मग तारण कुणाचं होणार? उत्तर २६व्या ओवीत आहे, माणसांना हे अशक्य, देवाला सगळं शक्य. मेसेज १७ वर थांबतो. नऊ ओव्या पुढं गेला असता तर मेसेज लिहायची गरजच उरली नसती.

मुळात हे भांडण जुनं आहे, आणि त्याचा निकालही लागलेला आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५. यहूदीयातून काही जण अंत्युखियाला आले आणि सांगू लागले: मोशेच्या नियमाप्रमाणे सुंता केल्याशिवाय तुमचं तारण होणार नाही. तेव्हा मोबाइल नव्हता, एवढाच फरक. पौल आणि बर्णबा त्यांच्याशी कडाक्यानं भांडले आणि प्रकरण यरुशलेमला गेलं. तिथं पेत्र उठून काय म्हणाला? जे जू आपल्या बापजाद्यांनाही पेललं नाही आणि आपल्यालाही नाही, ते या शिष्यांच्या मानेवर ठेवून देवाची परीक्षा का पाहता? आपलं तारण प्रभू येशूच्या कृपेनं होतं, त्यांचंही तसंच. जू म्हणजे काय ते आम्हाला सांगायला नको. बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात ते आम्ही हळद-तेलानं चोळलेत. पुढं याकोबाच्या सल्ल्यानं सभेनं चार गोष्टींपासून दूर राहायला सांगितलं, हे खरं: मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गुदमरून मारलेलं, जारकर्म. पण त्या पत्रात ‘हे पाळलंत तर तराल’ असं नाही. ‘हे पाळलंत तर तुमचं बरं होईल’ एवढंच आहे. ज्यांनी येशूला डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांनी हा निकाल दिला. त्यावर अपील करायला क्यूआर कोडवाला कोण?

दहा आज्ञा पाहा. निर्गम २०. पहिल्या आज्ञेच्याही आधी देव म्हणतो, मी तुला मिसरातून, दास्यातून बाहेर काढलं. सुटका झाली, समुद्र ओलांडून झाला, तेव्हा कुठं आज्ञा आल्या. आज्ञा पाळल्या म्हणून सुटका झाली असं नाही. लेकरू घरात जन्मलं म्हणून घराची रीत पाळतं, रीत पाळून कुणी घरात जन्मत नाही.

दशमांश. गरीब विधवेनं मंदिराच्या पेटीत टाकलेल्या ‘दोन दमड्यां’चा दाखला देऊन मेसेज म्हणतो, ती देऊ शकते तर तुम्ही का नाही? मार्क १२ उघडा. दमड्यांच्या अगदी वर, ४०व्या ओवीत, विधवांची घरं गिळणाऱ्या आणि ढोंगानं लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना येशू झाडतोय. ती ओवी याला दिसली नाही, नवल आहे! अनुवाद या पुस्तकाच्या १४व्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश तर गावातल्या लेव्याला (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातल्याला), परक्याला, अनाथाला आणि विधवेला पोटभर खायला मिळावं म्हणून वेशीच्या आत ठेवायचा होता. मोठी माय स्वतः विधवा आहे. अडीचशे रुपये रोजानं सहा दिवस वेचायला जाणारी ही बाई तीन आठवडे दीडशे-दीडशे रुपये कुण्या अनोळखी नंबरवर टाकत होती. नातवानं स्कॅन करून दिलं. मंडळीला द्यावं, खुशीनं द्यावं, मीही देतो. पण शापाच्या धाकानं काढलेल्या पैशाला पट्टी म्हणतात, दान नाही.

बाकीचं उरकतो. शब्बाथ आणि खाणंपिणं: कलस्सैकरांस २:१६, त्यावरून कुणी तुमचा न्याय करू नये. कुणाला शनिवार पाळायचा तर पाळावा, त्याच्याशी माझा तंटा नाही. माझ्या नावावर काट मारू नये. सोयऱ्यांकडचं जेवण: पहिले करिंथकर १०:२७, अविश्वासणाऱ्यानं बोलावलं आणि जावंसं वाटलं तर समोर वाढलेलं खा, चौकशी करत बसू नको. मोठ्या मायचं माहेर आजही हिंदू आहे. भाचीच्या लग्नात ती उपाशी बसून आली, हेही मला आत्ता कळलं. बांगड्यांवर मी शाई घालवत नाही.

आता एक गोष्ट कबूल करावी लागेल, जिवावर आलं तरी. मेसेज इतका फिरला, कारण त्यानं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. आपण नाताळला नवा सदरा घालतो आणि वर्षभर भावाशी धुऱ्यावरून कोर्टात भांडतो. ‘कृपेनं तारण’ म्हणत मोहाची ढोसून घरी बाईवर हात टाकणारेही आपल्याच बाकांवर बसतात. क्रियेवाचून विश्वास मेलेला आहे हे याकोबानं लिहिलंय, आणि प्रभू, प्रभू म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाणार नाही हे येशूचं बोलणं आहे. तेवढ्यापुरता मेसेज खरा. चर्चमध्ये हे कडक शब्दांत कुणी सांगत नाही, मग लोक फोनमधून ऐकतात. ज्या यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळकांना बायबल शिकवणारी शाळा, १९५३ पासून पुण्याला जाईपर्यंत तीस वर्षं होती, तिथल्या गावांत आज बायबल फॉरवर्डमधून शिकावं लागतं, याची लाज आपल्यालाही वाटायला हवी.

पण आज्ञापालन म्हणजे काय, तेही येशूलाच विचारा ना. लूक १०. एक शास्त्री विचारतो, सार्वकालिक जीवन मिळवायला काय करू? देवावर प्रीती कर, शेजाऱ्यावर कर, इथपर्यंत दोघांचं जमतं. शेजारी कोण, यावर येशू शोमरोन्याची, म्हणजे यहूदी ज्यांना परकं मानत त्यांच्यातल्या एकाची, गोष्ट सांगतो. वाटेत अर्धमेला पडलेला माणूस. याजक बाजूनं गेला, लेवी बाजूनं गेला. शोमरोन्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्टी बांधली, उतारशाळेत नेलं, वरखर्चाचे पैसे दिले. आणि शेवटी आज्ञा: जा, तूही तसंच कर.

ही गोष्ट मी मोठ्या मायला वाचून दाखवली, तालुक्याच्या दवाखान्यात, ड्रेसिंगच्या रांगेत. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे पट्टी बांधनं आज्ञा, अन् बांधून घेनं पाप? असं कसं होईन रे?”

अंगठा वाचेल असं डॉक्टर म्हणतात, नखाचं सांगता येत नाही. साखर १८०च्या आसपास आली आहे. गोळी ती आता घेते, पण हातावर धरून आधी प्रार्थना करते, तीही इतकी लांब की चहा गार होतो. हरभरा सोंगायचा शनिवारी की सोमवारी, यावर तिचं आणि वहिनीचं अजून वाजतंच आहे.