बोट हललं का?

आण्णांना ब्रेन हॅमरेज झालं त्या रात्री डॉक्टरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. ऑपरेशन केलं तर जीव वाचू शकतो. पण आधीचे आण्णा परत मिळतील असं नाही. मी पहिलीच ऐकली आणि सही करून मोकळा झालो.

पुढचे 19 दिवस आत्या आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून असायची. मी बाहेर आलो की एकच प्रश्न, "बोट हललं का रे?"

तिला काय बोलणार? कोमातला माणूस आपल्याला माहीत असतो तो मालिकांतला. देवघरात घंटा वाजते, इकडे बोट हलतं, मॉनिटरवरची रेघ नाचायला लागते आणि पेशंट उठून सुनेचं नाव घेतो. दाढीसुद्धा गुळगुळीत असते त्याची! सही करताना माझ्याही डोक्यात हेच चित्र होतं, हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

सध्या हेन्री मार्श पुन्हा वाचतोय. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधले, आता निवृत्त झालेले न्यूरोसर्जन. 2014 साली त्यांचं 'डू नो हार्म' आलं. सर्जनने लिहिलंय म्हणून मी यशाच्या कहाण्या वाचायच्या तयारीने बसलो होतो, आणि निघाली चुकांची वही. त्यातला एक शाळामास्तर माझ्या डोक्यातून जात नाही. मेंदूच्या तळाशी मोठी गाठ, तासन्‌तास चाललेलं ऑपरेशन. बहुतेक गाठ निघालेली असते. तिथे थांबता आलं असतं. पण तरुण मार्शना उरलेलीही काढायची असते. मेंदूच्या तळाला रक्त पुरवणाऱ्या बेसिलर धमनीची एक बारीकशी फांदी फाटते आणि मास्तर पुन्हा कधीच जागे होत नाहीत. काही वर्षांनी मार्श एका शुश्रूषागृहात जातात, तर एका दारावर तेच नाव. आत अंगाची मुटकुळी करून पडलेला तोच माणूस.

ऑपरेशननंतर पेशंट 'वाचतो' म्हणजे कधीकधी काय होतं, हे मला त्या दारापाशी कळलं. आयसीयूबाहेर कळायला हवं होतं.

पॉल कलानिधीचं पुस्तकही मी वाचलंय. स्टॅनफर्डचा न्यूरोसर्जन, त्याआधी इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी. फुप्फुसाच्या कॅन्सरने 37व्या वर्षी गेला. मार्च 2015 मध्ये शेवटच्या दिवशी त्याने व्हेंटिलेटर नाकारला. त्याचं गद्य सुंदर आहे, मला जरा जास्तच सुंदर वाटतं. मार्श कुरकुरे आहेत, प्रशासनावर चिडतात, स्वतःवर त्याहून जास्त. मला तेच जवळचे वाटतात. गंमत म्हणजे हा कठोर माणूस नातींना फोनवरून परीकथा रचून सांगतो, असं त्यांनीच लिहिलंय. तोवर त्यांना स्वतःलाच प्रोस्टेटचा कॅन्सर झालेला होता. कल्पित गोष्टींशी माझंही भांडण नाही, पण त्या आयसीयूत नकोत.

इथे मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग आठवणारच. तिथेच झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या, नोव्हेंबर 1973 ते मे 2015. तिथल्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं, दयामरणाच्या याचिकेला विरोध केला, आणि 2011 साली ती फेटाळली गेली तेव्हा त्यांना आनंद झाला. त्या नर्सेसना चूक म्हणायची माझी हिंमत नाही. 42 वर्षं कुणाला स्वच्छ ठेवणं म्हणजे काय, हे मी 19 दिवसांत थोडंफार पाहिलंय. पण स्वतः अरुणाताईंना काय हवं होतं, हे विचारायची सोय कुणापाशीच नव्हती. त्याच निकालाने उपचार थांबवण्याची वाट मात्र उघडली. 2018 मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता मिळाली, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. कोण जाणार कोर्टात? 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागतं. घर घेताना याहून जास्त कागद करतो आपण.

तरी माझ्या ओळखीत असा कागद केलेलं कुणीही नाही. विषय काढला की "शुभ बोल रे नाऱ्या". डॉक्टरांनी आणखी स्पष्ट बोलायला हवं हे खरंच, पण आम्ही नातेवाईक ऐकू देतो का?

गेल्या रविवारी धीर करून आईला विचारलं. ती लसूण सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "ते नळीबिळी काही नको मला. आण्णांना लावलेली बघितली की मी. पण तोंडात पाणी घालत राहा हं, चमच्याने. त्यांचे ओठ फार सुकले होते."