शॉवरचा कागद

इंग्लंडातलं, रेडिंगचं घर विकायला काढलंय. सॉलिसिटरने (घरविक्रीचे कागद बघणाऱ्या वकिलाने) पाठवलेल्या फॉर्ममधल्या एका प्रश्नापाशी आम्ही दोघं दोन संध्याकाळी अडून बसलो. १ जानेवारी २००५ नंतर घरात विजेचं काम झालंय का? झालं असल्यास सर्टिफिकेट जोडा.

झालंय ना! ७ वर्षांपूर्वी साडेदहा किलोवॉटचा इलेक्ट्रिक शॉवर बसवला. ओळखीतला ‘आपलाच माणूस’, रोख पैसे, निम्म्यात काम, वर माझ्या हातचे पोहे. कागद मागायचं सुचलंही नाही. डोंबिवलीत आमचा वायरमन बिलसुद्धा सिगारेटच्या पाकिटामागे लिहायचा, तीच सवय.

इंग्लंडात नवं सर्किट टाकलं, फ्यूजबॉक्स बदलला, की कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवावं लागतं. इलेक्ट्रिशियन एनआयसीईआयसी किंवा नॅपिट या इलेक्ट्रिशियनांची नोंदणी करणाऱ्या संस्थांकडे नोंदलेला असेल तर ते त्याच्याकडूनच होतं. (स्वयंपाकघरात एखादा जादा सॉकेट बसवला असेल तर २०१३ पासून ही भानगड नाही, उगाच घाबरू नका.)

घर विकून देणारा एजंट म्हणाला, इन्डेम्निटी पॉलिसी घ्या, म्हणजे कागद नसल्याचा विमा, स्वस्तात सुटाल. फक्त कौन्सिलला चुकूनही फोन करू नका, मग पॉलिसी मिळणार नाही. म्हणजे न विचारण्याचेच पैसे! कौन्सिलने कारवाई केली तर खर्च ती देईल, पण वायर तापली तर? मला विचाराल तर ही निव्वळ लपवाछपवी आहे. आमचं घर घेणाऱ्यांना दोन लहान पोरं आहेत.

मी तपासणी करून घेतली. इलेक्ट्रिशियनने शॉवरच्या, छताला लटकणाऱ्या दोरीच्या स्विचचं झाकण काढून माझ्यापुढे धरलं. आतलं प्लास्टिक तपकिरी पडून एका कडेला करपलेलं. साडेदहा किलोवॉट म्हणजे जवळजवळ ४५ अँपिअर. वायर ६ चौरस मिलिमीटरची आणि वर माळ्यावर जाड इन्सुलेशनखाली गाडलेली. उष्णता जाणार कुठे? रिपोर्टवर सी-२ पडला, म्हणजे धोका होऊ शकतो. सासूबाई गेल्या उन्हाळ्यात चार महिने याच शॉवरखाली अंघोळ करून गेल्या.

दुसऱ्याच्या जुन्या कामाचं इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट तो देऊ शकत नव्हता. मग फ्यूजबॉक्सपासून १० चौरस मिलिमीटरची नवी वायर, नवा स्विच, आणि त्या कामाची नोंद त्याच्याच नावावर. खर्च पॉलिसीच्या कितीतरी पट. नवरा अजून धुसफुसतोय.

‘आपल्या माणसा’ला फोन केला. म्हणाला, “वहिनी, ७ वर्षं चाललं ना?”