'टाइम'ला अवतरणचिन्ह कशाला?

नमस्कार दादा, प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की 'टाइम' हे अमेरिकी नियतकालिक स्वतःच्या कव्हरवर चारही अक्षरं कॅपिटल छापतंय, तरी इंग्रजी विकिपीडियानं एकच टी कॅपिटल ठेवून नाव बिघडवलं, आणि मी त्यांचीच री ओढून मराठी लेखात उगाच अवतरणचिन्हं टाकायलो.

कॅपिटलचं आधी सांगतो. कव्हरवरचं नाव लांबून दिसावं म्हणून काढलेलं असतंय, ते डिझाइन झालं. १९२३ मध्ये हेन्री ल्यूस आणि ब्रिटन हॅडन यांनी हे साप्ताहिक काढलं, त्याआधी त्यांच्या डोक्यात 'फॅक्ट्स' हे नाव होतं, मग 'टाइम' केलं, म्हणजे तो साधा शब्दच आहे, कुठल्या चार शब्दांची आद्याक्षरं नाहीत. 'जीक्यू' या मासिकाचं नाव मात्र 'जंटलमेन्स क्वार्टरली'वरून आलेलं, तिथं कॅपिटल ठेवतात ते बरोबरच आहे.

पण आपल्या देवनागरीत कॅपिटलच नाही हो! तिरकी अक्षरं म्हणाल तर बऱ्याच मराठी फॉन्टला वेगळा तिरका टाइपच नसतो, मोबाइलवर सरळ अक्षरं नुसती ढकलल्यासारखी दिसतात आणि वेलांट्या वाचताना डोळ्याला त्रास होतो. मग राहिलं काय, अवतरणचिन्ह, आणि ते मी शोभेसाठी देत नाही. आपल्या इथलंच बघा, अनंतराव भालेरावांचा 'मराठवाडा' पेपर आठवतो का? "मराठवाड्यात दुष्काळाची बातमी आली" असं लिहिलं तर बातमी पेपरात आली का आपल्या भागात कुठंतरी आली, हे वाचणाऱ्यानं कसं ओळखायचं? इंग्रजीत एम कॅपिटल केला तरी हा घोळ सुटत नाही, कारण भागाचं नावपण कॅपिटलनंच सुरू होतंय, आपल्याकडं तर तेवढापण आधार नाही.

त्यात आपली विभक्ती. गंगाधर पानतावणे सरांचं 'अस्मितादर्श' हे नियतकालिक आधी 'अस्मिता' या नावानं निघालं होतं. आता "अस्मितेनं नवे लेखक पुढं आणले" लिहिलं की ते नियतकालिक उरतच नाही, नुसती भावना उरते, म्हणून मी 'अस्मिता'नं असं लिहितो, नाव जसंच्या तसं ठेवायचं, चिन्ह बंद करायचं आणि प्रत्यय बाहेर. तसंच 'मराठवाडा'मध्ये लिहायचं. कानाला जरा अवघडल्यासारखं वाटतंय, मान्य आहे, पण विश्वकोशात शोधायला आलेल्या पोराला मूळ नाव सापडलं पाहिजे, सामान्यरूप झालेलं नाव टाकून त्याला काही मिळत नाही.

तुमची एक गोष्ट मात्र मला पटली. कव्हरवर नाव कसं छापतात हे लेखात कुठंच नव्हतं, ते यायलाच पाहिजे होतं, पहिल्याच परिच्छेदात एका वाक्यात आज टाकतो. आणि 'टाईम' असं दीर्घ लिहून शोधणारेपण भरपूर आहेत, तुम्हीच तसं लिहिलंय, तर त्या नावाचं पुनर्निर्देशनही करून ठेवतो, म्हणजे दोन्हीकडून एकाच लेखावर येता येईल.