एल-ब्रॅकेट घ्यायचंय? बसा मग डोकं धरून!

उभ्या फोटोसाठी कॅमेरा ट्रायपॉडवर उभा लावायचाय, एवढंच मागणं. बॉल हेड (ट्रायपॉडचं गोळ्यावर फिरणारं डोकं) कलंडवलं की सगळं वजन एका बाजूला, म्हणून एल-ब्रॅकेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला आणि कुशीला बसणारी ‘L’ आकाराची पट्टी. पण कुठलं घ्यायचं? ‘युनिव्हर्सल’ म्हणजे कुठल्याच कॅमेऱ्याला धड न बसणारं! पाव इंची एकुलत्या स्क्रूवर ते खुशाल गोल फिरतं. खास आपल्या मॉडेलचं घ्यावं, तर बॅटरीचं दार अडतं. दार उघडलं तर केबलचं पोर्ट झाकलेलं. पोर्ट मोकळं? मग स्क्रीन वळत नाही. आणि म्हणे ‘आर्का-स्विस कंपॅटिबल’, म्हणजे त्या मापाच्या ट्रायपॉडच्या पकडीत बसणारं! मग लिव्हर क्लॅम्पमध्ये, म्हणजे खटक्याच्या पकडीत, डुगडुगतं कसं? स्क्रू आवळायची षटकोनी ॲलन की तर कायम घरीच (तिचा मानच तसा). एवढं जमवलं की नवी बॉडी येते, दोन मिलिमीटर जाड. झालं, ब्रॅकेट भंगारात! अहो कंपनीवाले, कॅमेऱ्याच्या कुशीलाच स्क्रूचं एक भोक पाडलं तर तुमचं काय जातं?